पाटी हिरवीच होती

१

"एवढं मोठं निळं कापड, काका, ते काय पायांनी चालत गेलं? बक्षिसांचं टेबल उघडं! पाहुण्यांसमोर ते खिळे निघालेलं टेबल! माझी मान खाली गेली हो."

"बघतो, बाई."

"बघतो काय बघतो! मी स्वतः घडी घालून कपाटात ठेवलं होतं. आदल्या दिवशी दुपारी होतं, सकाळी नाही."

मी मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते आणि दार नीट लागत नव्हतं, म्हणून हे सगळं माझ्या कानावर पडलं. शाळेतली एक मुलगी नाकाला नळी लावून दवाखान्यात पडलेली, फाटकाबाहेर पालक घसा खरवडून ओरडतायत, आणि मोठ्या बाई टेबलाच्या कापडाला धरून बसल्यात. मला राग नाही आला. मोठं संकट अंगावर आलं की माणूस घरातलं एखादं बारकं संकट शोधून त्याच्याशी भांडत बसतो. ते निदान आपल्या आवाक्यातलं असतं.

शिपाईकाका बाहेर आले. वाळल्या शेंगेसारखा माणूस, खांद्यावर फडकं. झाडणं, पुसणं, घंटा देणं, संध्याकाळी सगळ्यांच्या मागे कुलपं लावणं, सगळं त्यांच्याकडे. मला बघून म्हणाले, "चहा आणू, मॅडम?"

"चहा नको. गच्चीची किल्ली आणा."

मी हवा तपासणाऱ्या खात्यात आहे. माझं नाव कुणी विचारत नाही. जाईन तिथे "धूरबाई आल्या" एवढंच ऐकू येतं. दरवर्षी पिकं निघाली की शहराभोवतीच्या रानांत उरलेलं काड आणि धसकटं पेटवतात, धूर येऊन शहराच्या डोक्यावर बसतो, आमच्याकडे बैठका होतात, बैठकीत बिस्किटं होतात, आणि पेरणी उरकली की सगळे विसरतात. या खात्यात माझे गुडघे गेले. धूर नाही गेला.

शहराच्या या टोकाची हवा मोजायचं यंत्र या शाळेच्या गच्चीवर आहे. ते काय म्हणतं ते फाटकावरच्या पाटीवर दिसतं. हवा बरी असली की पाटी हिरवी, वाईट झाली की लाल. लाल झाली की दोन गोष्टी होतात. शाळा मुलांना मैदानात सोडत नाही. आणि आमचं पथक जवळच्या रानांत जाऊन कोण जाळतंय ते बघतं; सापडला त्याला दंड होतो आणि पुढच्या हंगामाचं सरकारी बी बंद.

शाळेच्या खेळांच्या दिवशी, म्हणजे मी इथे यायच्या एक दिवस आधी, सकाळी मैदानाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. घशात काटे, डोळ्यांत पाणी. शहरातल्या बाकी सगळ्या पाट्या लालभडक, इथली हिरवी. डोळ्यांना दिसत होतं, नाकाला कळत होतं, पण पाटी हिरवी होती, म्हणून शिट्टी वाजली. लांबच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असलेली मुलगी शेवटच्या वळणावर आधी बसली, मग आडवी झाली.

अख्खी शाळा तिला भिंगरी म्हणते. शिपाईकाकांची नात.

काकांनीच मला वर नेलं. जिना चढताना मी दोनदा थांबले, तेही थांबले, आणि दोघांनीही दम लागल्याचं एकमेकांना कळू दिलं नाही.

यंत्र म्हणजे एक पत्र्याचं कपाट. त्यातून वर निघालेली पांढरी नळी, नळीच्या डोक्यावर छत्रीसारखं पांढरं टोपण. टोपणाखालून ते हवा ओढून घेतं. कपाटाचं सील जागेवर होतं. आतल्या कामाला कुणी हात लावला नव्हता. मी पाण्याच्या टाकीच्या झाकणावर बोट फिरवलं. काळं. कठड्यावर फिरवलं. काळं, आणि जळक्या काडाचे बारीक तुकडे. टोपणावर फिरवलं, तर बोट जसंच्या तसं. मशीनवाल्याने येऊन पुसलं असेल, असं मनाशी म्हणून मी खाली वाकले.

टोपणाच्या खाली, नळीभोवती, एक फिकट निळी कड उमटली होती. ओल्या कपड्याचा रंग उतरतो तशी. आणि तिथल्या स्क्रूमध्ये अडकलेला एक निळा धागा.

खालून मोठ्या बाईंचा आवाज अजून येत होता. कापड, कापड, कापड.

२

मी धागा चिमटीत धरून उभी राहिले. ओलं जाड कापड घड्या करून टोपणाला गुंडाळलं की यंत्र काय मोजणार? गाळलेली हवा. प्रश्न फक्त कोणी गुंडाळलं, एवढाच. आणि त्याचं उत्तर माझ्याआधीच सगळ्या गावाने देऊन टाकलं होतं: खेळाचे सर.

कारण खेळांच्या आदल्या संध्याकाळी पताका बांधायला ते गच्चीवर गेले होते. कारण शिट्टी त्यांनी वाजवली. कारण ते तरुण होते, नवे होते आणि भांडत नव्हते. उद्या शाळेची समिती बसणार होती, आणि त्यांना काढून पोलिसांकडे द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं.

ते खेळाच्या खोलीत, हवा गेलेल्या चेंडूंमध्ये बसले होते.

"मॅडम, शिट्टी मीच वाजवली. ते मी नाही म्हणतच नाही."

"गच्चीवर गेलात तेव्हा काय दिसलं?"

"काय दिसणार? आभाळ आरशासारखं होतं. सूर्य खाली जाताना अगदी गोल दिसला. मी नुसताच बघत राहिलो थोडा वेळ. म्हटलं, उद्या काय छान दिवस मिळणार पोरांना."

"यंत्राकडे बघितलंत?"

"त्याच्या टोपणावर कावळा बसला होता, त्याला हाकलला. एवढाच माझा आणि यंत्राचा संबंध. खाली आलो, किल्ली काकांना दिली, घरी गेलो." ते चेंडू दाबत होते, सोडत होते. "सकाळी मी बाईंना म्हटलं, पुढे ढकलू या. त्या म्हणाल्या, पाटी बघा. मी पाटी बघितली. पाटी बघायच्या ऐवजी पोरीचं तोंड बघायला हवं होतं."

असं खरं बोलणाऱ्या माणसाला धीर देण्यात अर्थ नसतो.

मशीनवाला उलट. फाटकाशी गाठ पडली तेव्हा मी तोंड उघडायच्या आत सुरू झाला. "माझ्यावर ढकलू नका हं मॅडम! सील बघितलंत ना? शाबूत आहे ना? मी खेळांच्या आदल्या दिवशी दुपारी आलो, टोपण धुतलं, लखलखीत केलं, गेलो."

"आणि आज सकाळी परत पुसलंत."

"कोणी? मी? तुमच्याच ऑफिसातून फोन आला होता, तपास होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणून. मी तर त्या जिन्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आई शप्पथ!"

"मग टोपण स्वच्छ कसं?" मी त्याला तो निळा धागा दाखवला.

"कापडाखाली होतं म्हणून!" तो हसला. मीही हसले, पण बुटात खडा गेल्यासारखं काहीतरी टोचलं. कुठे, ते कळेना.

राहिल्या मोठ्या बाई. धागा मी त्यांच्याही पुढे ठेवला. त्यांच्याकडे कारण सगळ्यांत मोठं होतं. पाहुण्यांनी शाळेला नवी इमारत द्यायचं कबूल केलं होतं, आणि पाहुणे पुन्हा कधी येतील याचा नेम नव्हता.

"हो, मला खेळ हवे होते," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता. "सगळं जग मला फाडून खातंय, तुम्हीही खा. पण एक सांगा. झाकायचंच असतं, तर स्टोअरमध्ये ढीगभर जुने पडदे आहेत, त्यातला नसता घेतला? पाहुण्यांसमोर टेबल उघडं ठेवून मी यंत्राला नटवीन? मी काय वेडी आहे?"

नव्हत्या. टेबलाच्या बाबतीत तरी नव्हत्या.

"स्टोअरची किल्ली?"

"माझ्याकडेच. संध्याकाळी मी घरी घेऊन जाते."

"आणि कापडाच्या कपाटाची?"

"एक माझ्याकडे, एक काकांकडे." मग त्यांनी मान वर केली. "त्यांच्याकडे नका हो असं बघू. त्यांची स्वतःची नात तिथे पडलीय."

३

दवाखान्याला माझी सवय आहे. या दिवसांत तिथे मला ओळखीचा आवाज ऐकू येतो: सगळ्या वॉर्डाचा मिळून एक खोकला.

भिंगरी उशांना टेकून बसली होती. नाकाला नळी, डोळे मोठे, पाय मात्र चादरीखाली हलत होते. बाजूला तिची आई. पायथ्याशी बाप, म्हणजे काकांचा मुलगा, त्याच्यामागे काका. पोर शाळेसाठी आजोबांकडे, शाळेमागच्या खोलीत राहते. आईबाप शहराच्या कडेला शेतावर. शाळेच्या गच्चीवरून त्यांचं रान दिसतं म्हणे, आभाळ स्वच्छ असलं तर.

डॉक्टरीणबाईंनी मला दाराशीच गाठलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात न संपलेला चहा. "ही सावरेल. पण छाती आधीच नाजूक होती, कुणाला माहीत नव्हतं. असा धूर पुन्हा एकदा आत गेला, तर मी तुम्हाला काही सांगू शकणार नाही." मग खाटेजवळ जाऊन भिंगरीच्या आईला, जरा मोठ्याने, "दोन दिवसांत सोडते हं. शाळेत नको लगेच. शेतावर घेऊन जा. मोकळी हवा, झाडं. शहराचा धूर नको."

आई शालीचा धागा काढत होती. तिचा हात थांबला.

"नेतो, नेतो," बाप म्हणाला. "अर्धं रान मोकळं करायचं राहिलंय. तेवढं आटपलं की नेतो." आणि उशी नीट करायला वाकला. वॉर्डात जीव घुसमटत होता, तरी याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. वाकल्यावर उजवी बाही वर सरकली. हातावर केस नव्हते. कातडी लहान मुलासारखी गुलाबी. त्याने बाही ओढून घेतली.

मी आईशेजारी बसले. तिच्या शालीला धुराचा वास येत होता. शेतावर राहणारी बाई, चूल असेल, मी मनात म्हटलं. मला आता कुठेही धुराचाच वास येतो, लग्नाच्या मांडवातसुद्धा.

"कशी आहेस गं?" मी पोरीला विचारलं.

"सरांना काढणार?"

"अजून नाही."

"त्यांनी मला मध्येच थांब म्हटलं होतं, मावशी. मीच नाही थांबले. मी पहिली होते." तिने दम घेतला. "आणि आजोबा रागावलेत."

"छे! कशाला रागावतील?"

"मी ऐकलं नाही ना त्यांचं. आदल्या दिवशी झोपताना म्हणाले, उद्या पळू नको, पाय दुखतोय म्हणून सांग सरांना. पण माझा पाय कुठे दुखत होता? खोटं कशाला बोलायचं?"

"म्हाताऱ्या माणसाला काळजी असते," बाप चटकन म्हणाला.

काका खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

४

दुसऱ्या दिवशी समिती बसायच्या आधीच काकांनी मला शाळेमागच्या त्यांच्या खोलीत बोलावलं. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला भिंगरीच्या शर्यतींच्या फिती. काकांनी गादी उचलली आणि खालून निळं कापड काढून माझ्यापुढे ठेवलं.

"सरांना सोडा, मॅडम. मी केलं."

मी कापड उलगडलं. धुतलेलं होतं, घडी कडक होती. पण मधोमध, टोपणाच्या आकाराचा, एक काळा गोल राहिला होता. ज्या हवेतून मुलं पळत होती, तिच्यातलं जे यंत्रात जायचं ते त्या कापडात अडकलं होतं.

"किती धुतलं," काका म्हणाले. "जात नाही."

"का केलंत, काका?"

ते भिंतीवरच्या फितींकडे बघत बोलले. "पोर महिनाभर त्या शर्यतीचंच बोलत होती. झोपेतसुद्धा पाय हलवायची. सकाळी उठून बघतो तर हा धूर. म्हटलं, पाटी लाल होणार, शर्यत रद्द होणार, पोर रडणार. कपाटातलं कापड घेतलं, भिजवलं, वर जाऊन गुंडाळलं. मग ती पडली... सगळे तिच्याकडे धावले, तेव्हा मी वर जाऊन काढलं. बस्. म्हाताऱ्याची अक्कल."

दाराशी मोठ्या बाई आल्या होत्या, त्यांच्यामागे सर. बाईंनी तोंडाला रुमाल लावला. सर पुढे आले आणि काकांच्या खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. फाटकाबाहेर बातमी पोचली तेव्हा ओरडणारे पालक गप्प झाले. कुणीतरी म्हणालं, "बिचारा." कुणीतरी म्हणालं, "माया आंधळी असते." मशीनवाल्याने तर नाक पुसलं. सगळ्यांना हलकं वाटलं. सर सुटले, बाई सुटल्या, आणि ज्याच्यावर दोष गेला त्याला कोणी दगड मारणार नव्हतं.

मलाही आवडली ती गोष्ट. मी थकले होते आणि ती गोष्ट छान होती. अहवालात लिहायला दोन ओळी, काकांना समज, पाटीला नवं कुलूप. घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडायचे.

म्हणून मी कापड घडी करायला घेतलं. ते नाकाजवळ आलं.

गाड्यांच्या धुराला तेलकट वास असतो, भट्टीच्या धुराला आंबट. हा वास कोरडा होता, गोडसर, थोडासा भाजल्यासारखा. जळक्या काडाचा. हाच वास मी काल एका शालीला घेतला होता. आणि काडाने चूल पेटत नाही. भुर्रकन जळतं आणि विझतं. त्याच्यावर पाणीसुद्धा तापत नाही.

बुटातला खडा आता नेमका कुठे होता, ते मला कळलं.

काका म्हणाले सकाळी. पण धूर रात्रीतून आला होता, आणि गच्चीवर सगळीकडे राख बसली होती. ती उडती राख रात्रीच पडून गेली; सकाळी वारा पडला होता, नुसता धूर तरंगत होता. सकाळी झाकलं असतं, तर कापडाखालच्या टोपणावरही रात्रीची राख सापडायला हवी होती. टोपण लखलखीत होतं.

५

"चला काका, पोरीला भेटून येऊ," मी म्हटलं. रस्त्याने आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्या. म्हणजे हवेच्या नाही, नुसत्या पाण्याच्या.

भिंगरी झोपली होती. मी तिच्या आईबापाला बाहेर बोलावलं. वॉर्डाबाहेर हात धुवायचा एक नळ होता, न थांबता टपटपणारा. तिथे आम्ही चौघं उभे राहिलो. मला कुणावर आवाज चढवायचा नव्हता, म्हणून मी नळाकडे बघतच बोलले.

"काका, तुम्ही सकाळी नाही झाकलं. संध्याकाळी झाकलं. सर खाली उतरले, तुम्हाला किल्ली दिली, त्यानंतर. तेव्हा आभाळ आरशासारखं होतं. खेळ व्हावेत असं वाटणाऱ्या कुणालाही त्या आभाळाखाली यंत्र झाकायची गरज नव्हती. स्टोअर बंद होतं, पडदे मिळेनात, म्हणून हाताशी आलं ते टेबलाचं कापड. आणि पोरीला पळवायचं म्हणून झाकलंत म्हणता, तर मग तिलाच झोपताना पळू नको का सांगितलंत?"

काका नळ बंद करायला गेले. तो बंद होत नव्हता. तरी ते फिरवत राहिले.

"स्वच्छ आभाळाखाली उभं राहून धुराची वाट कोण बघतो? ज्याला माहीत असतं, तो."

"तुम्हाला काय म्हणायचंय, मॅडम?" भिंगरीचा बाप म्हणाला.

"मी काही म्हणत नाही. तुमचा हात दाखवता का जरा? उजवा."

त्याने हात मागे घेतला. मग चिडला. चिडायला त्याच्याकडे पुष्कळ होतं. "सगळेच जाळतात! आमच्यापेक्षा दुप्पट रानं आहेत पलीकडे, तिथे जा की! काड उपटायचं यंत्र सगळ्या पंचक्रोशीत एक. त्याचा नंबर लागेस्तोवर पेरणीची ओल जाते. हाताने उपटायला माणूस मिळत नाही. रान मोकळं झालं नाही तर बी काय तुमच्या ऑफिसात पेरू? आणि शहरातल्या गाड्या काय अत्तर सोडतात? भट्ट्या? त्यांच्याकडे कधी जातं का तुमचं पथक?"

"फारसं नाही," मी म्हटलं.

"मग! धुरावर काय नाव लिहिलेलं असतं का?"

"नसतं."

ते खरंच होतं. इतकी वर्षं मी धूर मोजतेय, पण एकाही धुराने मला आपलं नाव सांगितलेलं नाही. त्या रात्री किती रानं पेटली होती कोण जाणे. मी तिथे उभी राहून कुणाचंही नाव घेऊ शकत नव्हते. खरं सांगायचं तर, घ्यायचंही नव्हतं. आत ती पोर झोपली होती, आणि हा तिचा बाप होता.

काका नळाशीच बोलल्यासारखे बोलले. "एक रात्र. मला वाटलं, पाटी एक रात्र गप्प बसली की झालं. पथक येणार नाही, याचं अर्धं काम होऊन जाईल. पहाटेच काढणार होतो मी ते. पण पहाटेपासूनच मंडपवाले, लाउडस्पीकरवाले, जिन्यात माणसंच माणसं. वर जाता येईना." त्यांनी नळ पुन्हा एकदा फिरवला. "सरांना सांगायला निघालो होतो, शिट्टी मारू नका म्हणून. मैदानापर्यंत गेलो. काय सांगणार? कशावरून सांगतो म्हणाले असते. परत आलो. पुन्हा गेलो. तोवर ती पुढे होती, सगळ्यांच्या पुढे. हात वर करून मला दाखवत होती."

"बाबा, पुरे," बाप म्हणाला. "धूर काय, कुठूनही येतो. वारा काय आपल्याला विचारून वाहतो? पोरीचं नशीब, दुसरं काय."

"हो," काका म्हणाले. "नशीब."

"ऋतूच खराब आहे," मी म्हटलं. असं काहीतरी माझ्या तोंडून गेलं. आम्ही तिघं तिथे उभे राहून ऋतूला, वाऱ्याला आणि नशिबाला दोष देत होतो, आणि ते तिघंही तिथे नव्हते.

भिंगरीची आई भिंतीला टेकून उभी होती. शालीची कडा उसवून तिच्या हातात धाग्यांचा गोळा झाला होता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कानाला लावलेला फोन खाली घेत. "अरे, सगळे इथेच आहात? बरं झालं. ती रात्रभर नीट झोपली, उद्या सकाळीच सोडते. ठरलं ना आपलं? शेतावर. मोकळ्या हवेत."

"हो, डॉक्टर," बाप म्हणाला. जमिनीकडे बघत. "ठरलं."

मी काकांकडे बघितलं. काकांनी मुलाकडे. मुलगा अजून जमिनीकडेच बघत होता. अर्धं रान राहिलं होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पेरणी तोंडावर होती, तेही माहीत होतं. डॉक्टरीणबाई वळल्या. मला वाटलं, आता बोलावं. माझं ते काम होतं. मी तोंड उघडलं, आणि खोकला आला.

"तिला शेतावर नाही न्यायचं," भिंगरीची आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई थांबल्या. "का? काय झालं?"

"अगं..." बाप म्हणाला.

"नाही. आता मला बोलू द्या." तिने धाग्यांचा गोळा नळाच्या कट्ट्यावर ठेवला, अगदी हळू, फुटेल अशा वस्तूसारखा. "काडी यांनी ओढली. पेंढी पेटवून बांधाबांधाने मी फिरवली. मग अंगणात उभी राहून बघत होते. वारा आमच्याकडून शाळेकडे होता. मला शाळेचे दिवे दिसत होते, आणि मग दिसेनासे झाले. मला तेव्हाच कळलं." तिने पहिल्यांदाच आमच्या सगळ्यांकडे, एकेकाकडे, नीट बघितलं. "तिच्या छातीत गेला ना, डॉक्टर, तो शहराचा धूर नव्हता. आमचा होता."